बॉक्सचे लाकूड

गाण्याचा कार्यक्रम रंगला की लोक गायकाचे कौतुक करतात, ढोलकीवाल्याला शाबासकी देतात, निवेदकाचेही नाव घेतात. स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या लाकडी बॉक्सकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. त्यावर चहाचे कप ठेवतात, हारांची परडी ठेवतात. तो बॉक्स कशाचा आहे, कोणी केला, हा प्रश्न तो फुटेपर्यंत कुणाला पडत नाही. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचा बॉक्स गेल्या पावसाळ्यात फुटला आणि त्यानंतर तीन महिने लाकूड या एकाच विषयाने आम्हाला घेरले. लाकडाची चौकशी करता करता गोष्ट आपल्या समाजाच्या एका जुन्या दुखण्यापाशी जाऊन पोचली. म्हणून हे चार शब्द.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके गाण्याबजावण्याचे. नारायणगाव तर तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामापूर्वी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसे सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. तमाशाचेच वळण घेऊन, पण त्यात नवा विचार भरून, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी, टाळ, तुणतुणे आणि मोकळा गळा एवढ्यावर त्यांनी माणसे जागी केली. पुढे वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) काळात वस्तीवस्तीत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. हार्मोनियम आली, बेंजो आला, मग कीबोर्ड आला. आमच्या पार्टीत आता गिटार आली आहे. वाजवणारी वस्तीतलीच मुलगी आहे आणि मंचरला कॉलेजात शिकते. आम्हाला ती काका म्हणते.

गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर पार्टीने जुनाच घेतला होता. अ‍ॅम्प्लिफायर आणि बारा इंची स्पीकर एकाच बॉक्समध्ये, अशी त्याची रचना. बॉक्स होता भुशाच्या बोर्डाचा. लाकडाचा चुरा आणि चिकटद्रव्य दाबून जो बोर्ड करतात, त्याला बाजारात पार्टिकल बोर्ड म्हणतात. कोरड्या खोलीत तो बरा टिकतो. आमचा बॉक्स मात्र टेम्पोत भिजला, समाजमंदिराच्या ओल्या फरशीवर राहिला. तळ भिजलेल्या भाकरीसारखा फुगला. स्क्रू धरेनात. वर टांगलेला ट्रान्सफॉर्मर एका बाजूने खाली आला आणि जाड तार छेडली की सगळा बॉक्स खडखडायचा. नारायणगावच्या एका कारागिराने आतले सामान तपासले. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही ठणठणीत निघाले. नवा संच घ्यायचा तर वर्गणी पुरणार नव्हती. तेव्हा आतले सामान तेच ठेवून बॉक्स नवा करायचा, असे बैठकीत ठरले. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. हिशेब ठेवणारा माणूस म्हणून चौकशीचे काम आमच्याकडे आले.

पहिला प्रश्न आम्ही हाच विचारला की मुळात बॉक्स लागतो कशाला? स्पीकर नुसता खुर्चीवर ठेवला तर वाजणार नाही का? कारागिराने उत्तर तोंडी दिले नाही, करून दाखवले. स्पीकर उघडा वाजवला. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पोट नसलेला. मग त्याने तो भोक पाडलेल्या फळीवर धरला आणि त्याच स्पीकरला एकदम छाती फुटली. कारण असे आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. मध्ये आड नसेल तर ते कडेने वळून एकमेकांना भेटतात आणि खर्जाचे सूर पुसून टाकतात. आमच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि खर्च सारखे झाले, शिल्लक शून्य. फळी या दोघांना वेगळे ठेवते. बॉक्सचे मूळ काम हेच.

दुसरी गोष्ट कळली ती अधिक महत्त्वाची. भाषणाच्या किंवा रेकॉर्डच्या स्पीकरचा बॉक्स मुका असावा लागतो. जे आत गेले तेच बाहेर यावे, बॉक्सने स्वतःचे काही घालू नये. म्हणून तिथे जड, निर्जीव बोर्ड चालतो. गिटारच्या बॉक्सचे तसे नसते. त्याची मागची बाजू बहुधा अर्धी उघडी असते, फळ्या तारेबरोबर थोड्या थरथरतात आणि ती थरथर त्या वाद्याच्या आवाजाचाच भाग होते. ढोलकीचे खोड आणि तिचे कातडे जसे वेगळे काढता येत नाही, तसे हे नाते आहे. म्हणजे लाकूड निवडणे हा नुसता टिकाऊपणाचा प्रश्न नव्हता. आवाजाचा होता, वजनाचा होता आणि पैशाचाही होता.

आम्ही वहीचे एक पान आखले. आमचा बॉक्स २२ इंच रुंद, २० इंच उंच, १० इंच खोल. वर-खाली, दोन बाजू, पुढची फळी आणि मागच्या दोन अर्ध्या फळ्या धरून सुमारे ११ चौरस फूट, म्हणजे जवळपास एक चौरस मीटर लाकूड. जाडी १८ मिलिमीटर धरली तर वजन असे येते : शिसव किंवा बाभूळ सुमारे १४ किलो, एमडीएफ बोर्ड साडेतेरा, सागवान साडेअकरा ते बारा, चांगले प्लायवूड साडेदहा ते अकरा आणि पाईन साडेआठ-नऊ किलो. त्यात स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायरचे सात-आठ किलो मिळवायचे. हे आकडे आम्ही त्या मुलीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "काका, कार्यक्रमाला जाताना टेम्पो मिळतो. रात्री परत येताना फाट्यावरून वस्तीपर्यंत तो आम्हीच उचलून आणतो. चार-पाच किलो कमी झाले तर फार झालं." हा मुद्दा बैठकीत कुणीच मांडला नव्हता, कारण बैठकीला बसलेल्यांपैकी कुणीच तो बॉक्स उचलत नव्हते.

मग पान हातात घेऊन आम्ही जुन्नर, घोडेगाव, मंचर, आळेफाटा असे फिरलो. वखारवाले, सुतार, जुन्या घरांचे सामान विकणारे, सगळ्यांना विचारले.

बहुतेकांनी पहिले नाव घेतले ते सागवानाचे. साग आपल्या अंगच्या तेलामुळे टिकतो, वाळवी त्याला सहसा लागत नाही, पावसाळ्यात तो फारसा हलत नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सांगितले की कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला सागवानी कमानी आहेत आणि त्या सुमारे २००० वर्षे तिथे आहेत. गोष्ट खरी आहे. शिवाय त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे दान कोरलेले आहे. आमच्या जुन्नरच्या डोंगरांत तर दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे येतात. हाताने काम करणाऱ्यांची नावे राजांच्या बरोबरीने दगडावर आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कार्ल्याच्या कमानी वर चढल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. त्यांना रात्री अकराला फाट्यावरून चालत यायचे नसते. त्यातून सागवानाचा भाव ऐकल्यावर आम्ही वही मिटली. पाडलेल्या वाड्यांची जुनी सागवानी लाकडे स्वस्त पडतात, पण त्यांत तुटके खिळे असतात, ती कापून रंधा मारेपर्यंत मजुरी वाढते. तेलकटपणामुळे चिकटवण्यापूर्वी सागाचा जोड पुसून घ्यावा लागतो, हेही सुताराने सांगितले.

शिसव आणि बाभूळ वजनानेच बाद झाले. बाभूळ गाडीच्या चाकाला, औताला उत्तम. पण ती फळी करताना फाटते आणि वाळताना पिळते. आंब्याची फळी आपल्याकडे सहज मिळते, भाव परवडतो, आवाजही वाईट नाही. ढोलकीची खोडे आंब्याचीही करतात. तिचा दोष एकच, पण मोठा. आंब्याला कीड लवकर लागते. बारीक भोके पडतात, खाली पीठ सांडते आणि दोन-तीन वर्षांत फळी आतून पोकळ होते. नीट वाळवून औषध लावले तर टिकते, पण वखारीत मिळते ती बहुधा ओली. ओली फळी ओळखायची सोपी रीत एका म्हाताऱ्या सुताराने सांगितली. फळीचा तुकडा आणून दर आठवड्याला तोलायचा. वजन उतरत असेल तोवर ती वाळते आहे. वजन ठरले की वाळली. इतकी साधी, पैसा न लागणारी परीक्षा आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

एमडीएफ बोर्ड गुळगुळीत, स्वस्त आणि एकसारखा. घरातल्या स्पीकरला चांगला. पण तो सर्वांत जड पर्यायांपैकी एक, आणि पाण्याशी त्याचे वैर भुशाच्या बोर्डासारखेच. ज्या दुखण्याने जुना बॉक्स गेला, तेच पुन्हा घरात आणण्यात अर्थ नव्हता.

प्लायवूडचा पर्याय मात्र खरा होता. पातळ थर एकावर एक, एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, असे चिकटवलेले असल्याने ते पावसात फुगत-आकसत नाही. त्यातही प्रकार आहेत. साधे कमर्शियल प्लाय ओल सोसत नाही. मरीन प्लायवर आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्यावा, नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. कडेने बघावे, थरांत पोकळी दिसली तर तो बोर्ड नको, कारण पोकळी स्पीकरच्या आवाजाने करकरते. लंडनमध्ये सुरू झालेल्या मार्शल कंपनीचे १९६० च्या दशकापासूनचे प्रसिद्ध गिटार बॉक्स बर्च झाडाच्या प्लायचेच आहेत. अडचण एवढीच की आपल्याला ३२ चौरस फुटांच्या शीटमधून एक तृतीयांशच लागत होते आणि अर्धी शीट कापून द्यायला कुणी तयार नव्हते.

अशी गाडी अडली असताना वस्तीतला एक मुलगा, जो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, म्हणाला, "आमच्याकडं परदेशातून मशिनं येतात, त्यांच्या खोक्याची लाकडं बाहेर भंगारवाला विकतो. पांढरं, हलकं लाकूड असतं. चालंल का?" बैठकीत दोघे-तिघे हसले. आम्ही मात्र एक तुकडा मागवला. तो पाईन होता.

पाईनबद्दल वाचू लागलो तेव्हा आमचे डोळे उघडले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर (१९०९-१९९१) नावाचा माणूस होऊन गेला. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांत जगात ज्यांचे नाव पहिल्यांदा घेतात, त्यांतला हा एक. तो शिकला होता हिशेब लिहायला. रस्ते खात्यात हिशेबनीस होता, मंदीत नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. पण वाजवणाऱ्यांचे ऐकून ऐकून त्याने यंत्रे सुधारली. त्याच्या कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या अ‍ॅम्प्लिफायरचे बॉक्स भरीव पाईनच्या फळ्यांचे होते. पाईन हे तिकडे महागडे लाकूड नव्हे. हलके, सहज मिळणारे, रंध्याखाली मऊ जाणारे. आज त्याच जुन्या बॉक्सना वाजवणारे लोक शोधत फिरतात. एका हिशेबनिसाने निवडलेले लाकूड पाहून दुसऱ्या हिशेबनिसाला धीर आला, एवढेच म्हणतो.

आम्ही बैठकीत हे सारे मांडले. पाईनच्या फळ्या घ्याव्यात, पुढची स्पीकरची फळी मात्र मरीन प्लायची करावी, तेवढा तुकडा मंचरला मिळतो, असे सुचवले. तरुण मंडळी राजी झाली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक बाबा उठले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पार्टीत त्यांनी तीस वर्षे ढोलकी वाजवली आहे. ते म्हणाले, "सायेब, तुमचा हिशोब बरोबर आसंल. पन एक सांगा. फेकलेलं घ्यायचं का आपुन? आमच्या बापानं गावाचं सरपन वाह्यलं, सरनाची लाकडं वाह्यली. मढ्यावरचं कापड आंगाला लावलं. फेकलेलं खाल्लं, फेकलेलं नेसलं. बाबासायबांनी ते सोडायला लावलं. आन् आता जयंतीच्या ठेजवर भंगारातल्या खोक्याचं लाकूड ठिवायचं?"

समाजमंदिरात कुणी काही बोलेना. बाबांचे बोलणे भावनेच्या भरातले नव्हते, इतिहासातले होते. महार वतनाच्या कामांत गावाला सांगावा नेणे, सरकारी मुक्कामाला लाकूडफाटा पुरवणे, मयताची लाकडे वाहणे हे सारे येत होते. लाकूड कोणते, ते कधी तोडायचे, कुणाच्या दारात टाकायचे, हे दुसरा ठरवी. वाहणारा आपला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडायला सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. ज्या माणसाच्या बापाने हे भोगले, त्याला 'पाईन हलका आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

त्या रात्री उत्तर निघाले नाही. बैठक पुढच्या रविवारवर गेली. त्या आठवड्यात आम्ही या एकाच गोष्टीचा विचार केला आणि आमचे मत असे झाले. वस्तू जुनी की नवी, महाग की स्वस्त, यात लाचारी नसते. ती वस्तू आपल्या हातात कशी आली, यात असते. फेकलेले म्हणजे काय? जे दुसऱ्याला नको झाले आणि 'तुम्हाला एवढेच पुरे' म्हणून जे आपल्या पुढ्यात टाकले. त्यात आपल्याला विचारले जात नाही, आपण नाही म्हणू शकत नाही. निवडलेले म्हणजे काय? दहा लाकडे पाहिली, तोलली, ठोकली, भाव विचारला, नऊ नाकारली आणि दहावे पैसे मोजून घेतले. फळी कदाचित तीच असेल. घेणारा माणूस तो नाही. आणि उलटेही खरे आहे. वर्गणी नसताना उसने काढून, लोकांना दिसावे म्हणून सागवान घेतले असते, तर ते लाकूड आपण निवडले असे म्हणता आले नसते. ते दुसऱ्यांच्या नजरेने निवडले असते.

रविवारी आम्ही हे मांडले आणि बाबांना एकच विनंती केली. "बाबा, चाकणला तुम्ही बरोबर चला. फळ्या तुम्ही पारखा. तुम्ही नको म्हणाल ती फळी वस्तीत येणार नाही." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "येतो. पन पावती घ्यायची."

पावती घेतली. भंगारवाल्याकडे पावतीपुस्तक नव्हते, त्याने साध्या कागदावर लिहून सही केली. ती पार्टीच्या फायलीत लावली आहे. बाबांनी तिथे जे केले ते बघण्यासारखे होते. त्यांनी प्रत्येक फळी एका टोकाला चिमटीत धरून लोंबती ठेवली आणि बोटाच्या पेराने मध्यावर ठोकली. ढोलकी लावताना कान देतात तसा कान दिला. काही फळ्या 'टण्' वाजल्या, काही 'भद्' वाजल्या. भद् वाजणारी बाजूला. सैल गाठ असलेली बाजूला, कारण ती पुढे निसटते आणि खडखडते. चिकट राळ गळणारी बाजूला. साठ-सत्तर फळ्यांतून चौदा निवडल्या.

आम्ही दुसरी एक गोष्ट बघितली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण असल्या लाकडाची खाटली, बाकडी, पोरांची टेबले आता अनेक घरांत होतात. परदेशातून येणाऱ्या खोक्यांच्या लाकडावर २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' ही अक्षरे असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे. 'एमबी' असेल तर ते मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूने धुरी दिलेले आहे. एमबीचा शिक्का असलेले लाकूड घरात आणू नये. शिक्काच नसलेले किंवा तेल-रसायन सांडलेले डाग असलेलेही नको. स्वस्त मिळते म्हणून पोराबाळांच्या जिवाशी खेळू नये.

काम वस्तीजवळच्या एका मिस्त्रींनी केले. वर्षभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारा आमचा एक पुतण्या हाताखाली होता. आधी फळ्यांवरून लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे काढले. मग फळ्या महिनाभर घरात, खाली पट्ट्या देऊन, हवा खेळती राहील अशा रचून ठेवल्या. दर रविवारी एक फळी तोलली. वजन ठरल्यावर रंधा मारला. खोक्याच्या फळ्या अरुंद असतात, म्हणून दोन-तीन फळ्या कडेला कड चिकटवून दहा इंच रुंदी केली. मिस्त्रींनी एक मर्म सांगितले. भरीव लाकूड लांबीला हलत नाही, रुंदीला हलते. म्हणून वरची, खालची आणि बाजूच्या फळ्या अशा जोडायच्या की त्यांच्या रेषा बॉक्सभोवती वेढ्यासारख्या फिरतील. मग पावसात चारी बाजू एकत्र फुगतात, एकत्र आकसतात, कोपरा फाटत नाही. कोपऱ्याला बोटात बोट अडकवावे तसे दाते पाडून जोड दिला. स्पीकर स्क्रूने न बसवता नट-बोल्ट आणि वायसरने बसवला. मागे अर्धी जागा मोकळी ठेवली, कारण अ‍ॅम्प्लिफायर तापतो, त्याला वारा हवा.

आतले विजेचे सामान हलवण्याचे काम कारागिरानेच केले. वायर काढली तरी आतल्या काही भागांत विजेचा साठा राहतो आणि तो जोराचा झटका देऊ शकतो. मंडळातल्या हौशी मुलांनी तिथे हात घालू नये. तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग यांवर आम्ही काटकसर केली नाही.

वर काळे रेक्झिन चढवायचे की लाकूड उघडे ठेवायचे, यावर थोडी चर्चा झाली. रेक्झिनखाली गाठी आणि खिळ्यांची भोके झाकली जातात. त्या मुलीचे मत पडले की झाकू नये. भोकांत लांबी भरून, घासून, वर पॉलिश मारले. खिळ्यांच्या जागी काळे ठिपके दिसतात. ते तसेच आहेत.

बॉक्स तयार झाल्यावर सगळे धरून साडेसोळा किलो भरला. जुना बावीसच्या आसपास होता. आवाजाबद्दल आम्ही जाणकार नाही. एवढे सांगू शकतो की खडखड गेली. खर्ज गोल येतो आणि गाणाऱ्याच्या आवाजावर चढत नाही. ती मुलगी म्हणते, तार सोडल्यावर सूर थोडा वेळ लाकडात राहतो. पहिल्या कार्यक्रमाआधी बाबांनी बॉक्सच्या माथ्यावर पेराने ठोकून पाहिले आणि "बोलतंय" एवढाच शब्द उच्चारला. त्यावर चहाचे कप ठेवायला आता त्यांची सक्त मनाई आहे.

वाचकहो, प्रत्येक वस्तीत अशी कामे निघतात. कुठे समाजमंदिराचे दार बदलायचे असते, कुठे अभ्यासिकेची टेबले करायची असतात, कुठे पार्टीचे वाद्य दुरुस्त करायचे असते. त्या वेळी दोन चुका होताना आम्ही पाहतो. एक, कोणी दान दिले म्हणून मिळेल ते निमूट घेणे. दोन, मोठेपणासाठी झेपणार नाही ते आणणे. दोन्हींत आपली अक्कल गहाण पडते. त्यापेक्षा एक वही करावी. वस्तूला काय काम करायचे आहे ते पहिल्या ओळीत लिहावे. ती कोण उचलणार, कोण वापरणार, त्याला विचारावे. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याला बरोबर न्यावे, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो. शिक्का बघावा, वजन करावे, ठोकून ऐकावे. शेवटी पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी.

आपल्या आजोबा-पणजोबांनी या दोन तालुक्यांत कितीतरी लाकूड वाहिले. त्यातली एक फळीसुद्धा त्यांना निवडता आली नाही. आपल्याला येते. तेवढे तरी नीट करावे.